फुकटच्या प्लगइनला एक तारा देण्याआधी

दिवाळीची सुट्टी आठ दिवसांवर आली होती आणि गुहागरजवळच्या एका होमस्टेच्या वेबसाइटवरून चौकशीचा एकही मेल येत नव्हता. वेबसाइट मीच वर्डप्रेसवर करून दिलेली. मालकांचा फोन आला, "अहो, मागच्या वर्षी या दिवसांत रोज पाच-सहा चौकशा यायच्या. यंदा शुकशुकाट आहे. काय बिघडलंय ते जरा बघा ना." मी संपर्काचा अर्ज भरून पाहिला. 'आपला संदेश पाठवला आहे' अशी हिरवी पट्टी आली, मेल मात्र आला नाही. अर्जासाठी वापरलेलं प्लगइन फुकटचं होतं. त्याच्या सेटिंगमध्ये 'पाठवलेल्या मेलची नोंद हवी असल्यास प्रो घ्या' अशी ओळ दिसली आणि माझं डोकं फिरलं. माणसाने पैसे भरावेत म्हणून हे लोक मेल अडवतात, असा अर्थ मी लावला. रात्री साडेअकराला त्या प्लगइनच्या पानावर जाऊन एक तारा दिला आणि लिहिलं, "बेकार. मेल येत नाहीत. पैसे उकळायचा धंदा आहे. कोणीही वापरू नका."

सकाळी डेव्हलपरचं उत्तर आलेलं होतं. चारच ओळी, आणि एकही कडू शब्द नाही. वर्डप्रेसचा स्वतःचा मेल तरी येतो का, ते 'पासवर्ड विसरलो' दाबून बघा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी दाबून पाहिलं. तोही मेल आला नाही. होस्टिंगवाल्यांनी महिन्यापूर्वी सर्व्हरवरून थेट मेल पाठवण्याची सोय बंद केली होती, आणि त्याची सूचना मालकांच्या जुन्या, न उघडलेल्या खात्यात पडून होती. प्लगइनचा यात काडीचाही संबंध नव्हता. एसएमटीपीची, म्हणजे रीतसर मेल-सर्व्हरमार्फत मेल पाठवण्याची, जोडणी करून दिल्यावर दहा मिनिटांत पहिला मेल आला.

अभिप्राय मी लगेच बदलला, घडलं ते लिहिलं, माफी मागितली. पण त्या प्लगइनला तोवर नऊच अभिप्राय होते, सगळे पाच ताऱ्यांचे. माझ्या एका ताऱ्याने सरासरी पाचवरून ४.६ वर आली होती. प्लगइन निवडताना माणसं आधी तो आकडा बघतात. रात्रभर तो आकडा माझ्या गैरसमजापायी खाली होता, आणि तेवढ्या वेळात कितीजण ते पान बघून परत फिरले असतील हे कळायला काही मार्ग नाही.

वर्डप्रेसवर वेबसाइट चालवणारी आपली माणसं आज सगळीकडे आहेत. शाळा आहेत, वाचनालयं आहेत, दिवाळी अंक आहेत, कोकणातले होमस्टे आहेत, परदेशातली महाराष्ट्र मंडळंही आहेत. यातले बहुतेक सगळे फुकटची प्लगइन वापरतात आणि अडलं की चिडतात. ही प्लगइन कुठल्या बोलीवर आपल्याला मिळतात, पैसे नेमके कशाचे मागितले जातात आणि त्यांच्याबद्दल चारचौघांत बोलताना काय पाळावं, हे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ आहेत, त्यामुळे तिकडे चाळीस वर्षं खुलासे करणं चालू आहे. आपल्याकडे ती अडचण नाही. पैसे न मोजता मिळतं ते फुकट. ज्याच्या वापरावर, बदलावर आणि वाटपावर कोणाला अडवणूक करता येत नाही ते मुक्त. वर्डप्रेस दोन्ही आहे, पण त्याच्या लायसन्सला काळजी आहे ती मुक्त असण्याची.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातून १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, आलं आणि १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. वर्डप्रेस याच दुसऱ्या किंवा तिच्या पुढच्या आवृत्तीखाली मिळतं. या लायसन्सने तुम्हाला चार मोकळिकी दिल्या आहेत. सॉफ्टवेअर कुठल्याही कामाला वापरा, त्याचा कोड आतून वाचा आणि बदला, त्याच्या प्रती वाटा, आणि बदललेल्या प्रतीही वाटा. अट इतकीच, की तुम्ही ज्याला प्रत द्याल त्यालाही कोडसकट याच मोकळिकी मिळाल्या पाहिजेत. किती पैसे घ्यावेत यावर लायसन्सचं बंधन नाही. जीपीएलखालचं प्लगइन शंभर डॉलरला विकणं पूर्ण कायदेशीर आहे.

वर्डप्रेसचा जन्मच या मोकळिकीतून झाला. बीटू नावाचं एक सॉफ्टवेअर होतं, मिशेल वाल्द्रीगी यांनी लिहिलेलं. त्यांचं काम थांबलं, सॉफ्टवेअर पोरकं झालं. अमेरिकेतले मॅट मुलेनवेग आणि ब्रिटनमधले माइक लिटल यांनी तोच कोड उचलला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. परवानगी मागत बसावं लागलं नाही, कारण ती लायसन्समध्येच होती. पुढे २०११ मध्ये जिगोशॉप या प्लगइनचा कोड घेऊन वूकॉमर्स उभं राहिलं. आज तुमच्या ओळखीतलं कोणी वर्डप्रेसवर हापूस किंवा पैठणी विकत असेल, तर बहुतेक त्याच्यावरच. एकाच्या कोडपासून दुसऱ्याने वेगळी वाट काढण्याला या लोकांत 'फोर्क' म्हणतात, आणि ती चोरी समजली जात नाही.

याचा तुमच्या खिशाशी संबंध येतो तो प्रो आवृत्ती विकत घेताना. वर्डप्रेसच्या अधिकृत निर्देशिकेत ठेवलेलं प्रत्येक प्लगइन जीपीएलशी जुळणाऱ्या लायसन्सखालीच असावं लागतं. बाहेर विकली जाणारी प्रो प्लगइनही बहुतेक त्याच लायसन्सखाली असतात. मग कोड मुक्त असेल तर तुम्ही पैसे कशाचे देता? वर्षभराच्या अपडेटचे आणि मदतीचे. लायसन्स-की नावाचा जो लांबलचक आकडा मेलने येतो तो या दोन गोष्टींची किल्ली असते. वर्ष संपलं आणि नूतनीकरण केलं नाही, तर प्लगइन सहसा चालूच राहतं, नवीन अपडेट तेवढी येत नाहीत. जिथे काम कंपनीच्या सर्व्हरवर होतं, तिथे मात्र तेही बंद पडतं. घेण्याआधी हा एक प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा: "वर्ष संपल्यावर माझ्या वेबसाइटवर नेमकं काय थांबेल?"

थीमच्या बाबतीत एक जागा जपावी लागते. २०१० मध्ये थीसिस नावाच्या थीमवरून मोठा जाहीर वाद झाला. वर्डप्रेसवर चालणारी थीम जीपीएलखाली असायलाच हवी का, हा प्रश्न होता. शेवटी त्या थीमचा पीएचपी कोड जीपीएलखाली आला, पण सीएसएस आणि चित्रांचे हक्क निर्मात्याने स्वतःकडे ठेवले. अशी विभागलेली लायसन्स आजही बाजारात मिळतात. एकच थीम घेऊन पाच गिऱ्हाइकांच्या वेबसाइट करायचा विचार असेल, तर कोडसाठी तुम्हाला कोणी अडवणार नाही, चित्रांसाठी अडवू शकेल. लायसन्सचं पान आधी वाचा.

आता टेलिग्रामच्या ग्रुपवर आणि काही वेबसाइटवर शेकडो प्रो प्लगइन दोन-तीनशे रुपयांत देणारे भेटतात, त्यांच्याबद्दल. "जीपीएल आहे, कायदेशीर आहे," असं ते सांगतात. वाटपापुरतं ते अनेकदा खरंही असतं. पण प्रत तुमच्यापर्यंत येईतो मध्ये कोणाकोणाच्या हातातून गेली, त्याची जबाबदारी लायसन्स घेत नाही. एका तालुक्याच्या वाचनालयाची वेबसाइट माझ्याकडे आली होती. गूगलवर वाचनालयाचं नाव शोधलं की खाली जपानी अक्षरांतली पानं दिसायची, स्वस्त पर्स आणि घड्याळांची. वेबसाइट उघडली की मात्र सगळं जागच्या जागी, वर सरस्वतीचा फोटो, खाली वेळापत्रक. कोणीतरी असं दोनशे रुपयांचं प्रो प्लगइन बसवलं होतं आणि त्याच्या एका फाइलमध्ये अगम्य अक्षरांचा भलामोठा ढीग होता. ती वेबसाइट साफ करायला चार दिवस लागले, आणि गूगलवरची जपानी पानं जायला त्याहून बरेच जास्त. अशा ठिकाणाहून काहीही बसवू नका. पैसे नसतील तर फुकटच्या आवृत्तीवर भागवा किंवा त्याच कामाचं दुसरं प्लगइन शोधा.

पैसे कशाचे मागतात

फुकटची आवृत्ती आणि तिच्यावर पैशाची आवृत्ती, या पद्धतीला फ्रीमियम म्हणतात. ती फसवणूक आहे असं मानून चालू नका. वर्डप्रेसच्या निर्देशिकेत तिला बऱ्यापैकी कडक नियम आहेत आणि ते कळले की निम्मा राग जातो.

पहिला नियम असा, की निर्देशिकेतून उतरवलेल्या प्लगइनमध्ये जो कोड आहे तो सगळा चालला पाहिजे. घरात खोली बांधायची, तिला कुलूप लावायचं आणि चावी विकायची, हे चालत नाही. शेजारी दुसरी खोली बांधून ती विकली तर चालतं. म्हणून प्रो आवृत्ती बहुधा वेगळं प्लगइन म्हणून येते. दुसरं, एखादी सेवा प्लगइनबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर खरोखर चालत असेल तर तिचे पैसे मागता येतात. स्पॅम अडवणारं अकिस्मेट हे त्याचं जुनं उदाहरण. प्लगइन मुक्त आहे, पण प्रत्येक प्रतिक्रिया तपासण्याचं काम त्यांच्या यंत्रांवर होतं, आणि व्यावसायिक वेबसाइटला त्याचे पैसे पडतात. तिसरं, तुमच्या परवानगीशिवाय वेबसाइटवर 'अमुकने बनवलं' अशी ओळ टाकता येत नाही की तुमची माहिती गोळा करून पाठवता येत नाही.

त्यामुळे "अमुक सोय प्रोमध्ये का?" हा प्रश्न न्यायाचा नाही. "मी फुकटची आवृत्ती घेताना हे मला सांगितलं होतं का?" हा न्यायाचा. पानावर आधी लिहिलेलं असेल तर तक्रारीला जागा नाही. जी सोय काल फुकट होती ती अपडेटनंतर आज प्रोमध्ये गेली, तर तक्रारीला नक्की जागा आहे. दर दोन दिवसांनी डॅशबोर्डवर अर्धं पान अडवणारी सवलतीची जाहिरात, बंद करायचं चिन्ह न सापडेल असं ठेवलेलं, ही तक्रारही रास्त आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी मार्गदर्शक तत्त्वांत घातली. सतत टुमणं लावणं, खोटी घाई दाखवणं आणि सदस्यत्वात अडकवणं या तिन्ही गोष्टी तिच्यात आहेत.

सदस्यत्वाचं जरा सांगतो, कारण पैसे तिथे जातात. पहिल्या वर्षी निम्मी किंमत आणि दुसऱ्या वर्षापासून पूर्ण, ही पद्धत सर्रास आहे. किंमत डॉलरमध्ये असते आणि बँक वर स्वतःचं शुल्क लावते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास कळवावं लागतं, आणि १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. त्यामुळे परदेशी विक्रेत्यांचं आपोआप नूतनीकरण आपल्या कार्डावर अनेकदा होतच नाही. पैसे वाचले असं वाटतं, आणि इकडे प्लगइनची सुरक्षेची अपडेट गुपचूप थांबलेली असतात. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर स्वतः लिहून ठेवा.

बसवण्याआधी पान वाचा

प्रत्येक प्लगइनच्या पानावर उजवीकडे एक छोटी चौकट असते. शेवटचं अपडेट कधी झालं, किती वेबसाइटवर चालू आहे, वर्डप्रेसच्या कितव्या आवृत्तीपर्यंत तपासलं आहे, हे तिच्यात दिसतं. एक-दोन आवृत्त्या मागे असणं चालतं. वर पिवळ्या पट्टीत धोक्याची सूचना असेल तर ते प्लगइन सोडून द्या.

तारे बघण्याआधी मदतीच्या पानावर जा. गेल्या दोन महिन्यांत किती प्रश्न आले आणि किती सुटले याचा आकडा तिथे असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे डेव्हलपर लोकांशी कसं बोलतो ते दिसतं. ज्याला उद्या अडचणीत हाक मारायची आहे त्याचा स्वभाव आज फुकटात बघायला मिळतो. मग अभिप्रायांकडे या आणि तीन ताऱ्यांचे आधी वाचा. पाच ताऱ्यांत 'छान', 'मस्त', 'आभारी आहे' अशी भरताड पुष्कळ असते. एका ताऱ्यात संताप असतो. तीन तारे देणारा माणूस बहुतेक वेळा प्लगइन वापरून, विचार करून बोलत असतो. एकाच आठवड्यात दोन-दोन शब्दांचे वीस पंचतारांकित अभिप्राय दिसले तर सावध व्हा.

मालक बदलला आहे का, हेही बघायला शिका. डिस्प्ले विजेट्स नावाचं एक साधं, उपयोगी प्लगइन होतं, सुमारे दोन लाख वेबसाइटवर चालणारं. २०१७ मध्ये मूळ डेव्हलपरने ते विकलं. नव्या मालकाने अपडेटमधून असा कोड घातला की तो लोकांच्या वेबसाइटवर परस्पर जाहिरातबाज मजकूर टाकत असे, आणि लॉग-इन केलेल्या मालकाला तो दिसत नसे. निर्देशिकेतून ते काढलं गेलं, परत आलं, परत काढलं गेलं, आणि सप्टेंबरमध्ये कायमचं गेलं. त्याचा छडा लागला तो वापरणाऱ्यांनी चिकाटीने, पुराव्यानिशी तक्रारी लिहिल्यामुळे. पाच ताऱ्यांचे जुने अभिप्राय मात्र जुन्या मालकाच्या कामाला मिळालेले होते. म्हणून अभिप्रायाची तारीख बघायची, आणि अलीकडचे अभिप्राय जास्त मोलाचे धरायचे.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मालक बदलण्याचा हा मुद्दा वेगळ्या रीतीने पुढे आला. अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे वीस लाखांहून जास्त वेबसाइटवर चालणारं प्लगइन डब्ल्यूपी इंजिन या कंपनीच्या मालकीचं. त्या कंपनीशी चाललेल्या वादात वर्डप्रेसच्या निर्देशिकेने त्याचं पान ताब्यात घेतलं आणि त्याच जागी नाव बदलून फोर्क ठेवला. डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाच्या आदेशानंतर ते पान परत गेलं. फोर्क करायला जीपीएलची हरकत नव्हती आणि नाही. पण पानासोबत वर्षानुवर्षं साठलेले लोकांचे अभिप्रायही दुसऱ्याच्या नावाखाली गेले होते, आणि मला ते पटलं नाही. कोड सगळ्यांचा होऊ शकतो. विश्वास कोणीतरी कोणावर तरी ठेवलेला असतो.

शेवटची एक तपासणी करा. प्लगइन काढून टाकलं तर तुमचा मजकूर तुमच्या हातात राहतो का? रिकाम्या चाचणी वेबसाइटवर ते बसवा, दोन पानं करा, मग बंद करा आणि पानं उघडून बघा. चौकटी कंसांतला अगम्य मजकूर उरला असेल, तर उद्या बाहेर पडणं महाग जाणार आहे.

अभिप्राय म्हणजे साक्ष

साक्षीदाराने स्वतः पाहिलेलंच सांगायचं असतं. इथेही तसंच. तुम्ही काय काम केलं, किती दिवस, कुठल्या आवृत्तीवर आणि काय झालं, एवढं लिहिलंत तर तारे किती दिलेत याला फार महत्त्व उरत नाही. वाचणारा आपलं आपण ठरवतो.

बिघाड असेल तर आधी मदतीच्या पानावर लिहा. तिथे लिहिताना वर्डप्रेसची, पीएचपीची आणि प्लगइनची आवृत्ती द्या, कुठलं बटण दाबल्यावर काय होतं ते क्रमाने सांगा. त्याआधी बाकीची प्लगइन बंद करून आणि वर्डप्रेससोबत येणारी थीम लावून बिघाड राहतो का ते बघा. निम्म्या वेळा दोष दुसरीकडेच सापडतो. मग डेव्हलपरला चार-पाच कामाचे दिवस द्या. फुकटच्या आवृत्तीची मदत बहुतेक ठिकाणी एक-दोन माणसं पोटापाण्याचं काम सांभाळून करतात. तुमच्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस त्या क्षणी नांदेडमध्ये असेल किंवा पोलंडमध्ये, पण तो माणूस असतो. उत्तर आलं नाही, किंवा उर्मट आलं, तर ते अभिप्रायात खुशाल लिहा. ती वस्तुस्थितीच आहे.

किंमत जास्त वाटली म्हणून एक तारा देऊ नका, आणि सवलतीच्या कूपनसाठी पाच तारे देऊ नका. दोन्ही खोटं बोलणं आहे. अभिप्रायाच्या बदल्यात काही देणं निर्देशिकेच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे, पण त्यात अभिप्राय कोणी आणि कशाच्या बळावर लिहिला याची शहानिशा अपेक्षित आहे. अमेरिकेत तर ऑक्टोबर २०२४ पासून खोटे किंवा विकत घेतलेले अभिप्राय हा दंडाचा विषय झाला आहे. पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना एक वेगळी विनंती. "आपल्या प्लगइनला सगळ्यांनी घरून पाच तारे टाका," असा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला तर टाकू नका. स्वतःच्या वस्तूला स्वतः दिलेली साक्ष आहे ती. पकडली गेली तर प्लगइनच काढून टाकलं जाऊ शकतं, आणि तुमच्या सहकाऱ्यांचं वर्षाचं काम त्यासोबत जातं.

चांगला अभिप्राय कसा असतो ते दाखवतो. मघाशी सांगितलेल्या तालुका वाचनालयासाठी मी नंतर दुसरं प्लगइन घेतलं आणि आठ महिन्यांनी हे लिहिलं:

"तालुका वाचनालयाच्या वेबसाइटवर आठ महिने वापरतो आहे. सभासद नोंदणी आणि वर्गणीची पावती, एवढंच काम. फुकटच्या आवृत्तीत अर्ज, मेल आणि नोंदींची यादी मिळते. यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्यायला प्रो लागतं, हे पानावर आधीच लिहिलेलं आहे. एका अपडेटनंतर तारखेचा रकाना बिघडला होता. मदतीच्या पानावर कळवल्यावर तीन दिवसांत दुरुस्त झाला. मराठी पावती पीडीएफमध्ये नीट छापली जात नाही, ते अजून बाकी आहे. चार तारे."

यात कौतुक आहे, कुरकुर आहे, पण वाचणाऱ्याला न समजलेलं काही उरत नाही. आणि एक पाळा: बाकी राहिलेलं काम झालं की परत येऊन अभिप्राय सुधारा. आपला जुना अभिप्राय केव्हाही बदलता येतो. डेव्हलपरला तो काढता येत नाही, त्यामुळे तुम्ही विसरलात तर तुमची दोन वर्षांपूर्वीची तक्रार तशीच लोंबकळत राहते.

जे आपणच सांगू शकतो

ती पावती कशी बिघडली होती ते नीट सांगतो, कारण मराठी वापरणाऱ्याचा अभिप्राय कुठे अमोल ठरतो ते त्यात दिसतं. पावतीवर 'विद्यार्थी सभासद' छापायचं होतं. पीडीएफमध्ये वेलांटी व-च्या पुढे जाऊन पडली होती, द्य-चे द् आणि य सुटे झाले होते, आणि रफार थ-च्या डोक्यावर चढण्याऐवजी पाय मोडलेला र होऊन त्याच्या आधी उभा होता. प्लगइनचा डेव्हलपर युरोपातला. त्याच्या डोळ्यांना ही अक्षरं बरोबर आणि चूक सारखीच दिसणार. "मराठी चालत नाही, एक तारा," असं लिहिलं असतं तर त्याला काय कळलं असतं? मी त्याला दोन चित्रं पाठवली, एक मोडलेल्या शब्दाचं, एक बरोबर शब्दाचं, आणि प्रत्येक चुकीला बाण काढून खाली दोन ओळी लिहिल्या.

कारण लवकर सापडलं. पावतीची पीडीएफ बनवायला त्याने डॉमपीडीएफ नावाचं साधन वापरलं होतं, आणि त्याला देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. एमपीडीएफ या दुसऱ्या साधनाला येतात. तेही जीपीएलखालीच असल्यामुळे जोडायला कोणाची परवानगी लागणार नव्हती. त्याने पुढच्या आवृत्तीत दोन्हींतून निवडायची सोय दिली, फुकटच्या आवृत्तीत. हिंदी आणि नेपाळीत पावत्या छापणाऱ्यांचंही काम त्यात होऊन गेलं.

उलट बाजूही आहे. मराठी शीर्षकाचा दुवा अर्धवट तुटतो म्हणून एसइओच्या प्लगइनला शिव्या देणारे मी पाहिले आहेत. दुव्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ रोमन चिन्हं खातं आणि वर्डप्रेसमध्ये दुव्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, त्यामुळे काना-मात्रा धरून साधारण बावीस चिन्हांनंतर शीर्षक कापलं जातं. हे वर्डप्रेसच्या गाभ्यातलं आहे, प्लगइनचा दोष नाही. दुवा हाताने छोटा करा, काम झालं.

आज वेळ मिळाला की तुमच्या वेबसाइटच्या डॅशबोर्डवर जाऊन प्लगइनची यादी उघडा. दोन-तीन वर्षं न कुरकुरता, फुकटात काम करत आलेलं एखादं प्लगइन त्यात नक्की सापडेल, ज्याच्याबद्दल तुम्ही कधी कुठे एक ओळ लिहिलेली नाही. त्याच्या पानावर जा आणि चार ओळी लिहा: कशासाठी वापरता, किती दिवस, काय आवडलं, मराठीत कुठे अडखळतं. दहा मिनिटांचं काम आहे.